उंदरांची धनगरीण

सासरच्या भावकीत माझी नोकरी नेमकी काय, हे कुणी एका दमात कधी सांगितलं नाही. आमचे हे शिक्षक, ते सगळ्यांना पाठ. माझं विचारलं की "त्या विद्यापीठात असतात" एवढं म्हणून लोक चहाकडे वळायचे. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या आत्याबाईंनी थेटच विचारलं, "पोरीची आई काय करती?" ह्यांनी घसा साफ करायला घेतला, तेवढ्यात मीच सांगून टाकलं, "उंदीर सांभाळते." आत्याबाईंच्या हातातला पोह्यांचा चमचा अर्ध्यावर थांबला.

"काहून? मांजर न्हाई का तिथं?"

सोयरीक झाली, टिकली, आता नातू शाळेत जातो. पण त्या घरात मी अजून ‘उंदरवाल्या विहीणबाई’च आहे.

मी औंढ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या धनगराची लेक. वडिलांची ऐंशी-नव्वद मेंढरं आणि थोड्या शेळ्या होत्या. मोठी जनावरं रानात जायची आणि घरी राहिलेली कोकरं, आजारी, लंगडी, अशी सगळी आम्हा बायकांच्या ताब्यात. बारावी झाले, लग्न झालं, आणि हिंगोलीजवळच्या विद्यापीठ केंद्रात ‘प्राणीगृह परिचर’ अशी जागा निघाली. मुलाखतीला औषधशास्त्राचे वानखेडे सर होते. पुढे सव्वीस वर्षं मी त्यांच्याच हाताखाली काढली.

"प्राण्यांची सवय आहे का, कमलबाई?"

"मेंढरांची हाय."

"उंदीर फार लहान असतात."

"मंग चारा बी कमीच लागंल की."

सर हसले आणि नोकरी लागली. चारा कमी लागतो हे खरं, बाकी कुठलंच काम कमी लागत नाही हे पुढे कळलं.

आमची प्रयोगशाळा कॅन्सरच्या औषधावर काम करायची. बाहेरच्या माणसाला ते सांगताना सरांची संशोधन करणारी मुलं फळ्याकडे धावतात. मला फळा लागत नाही. कॅन्सरचं औषध म्हणजे एक प्रकारचं विषच. गाठीला मारतं, पण वाटेत भेटेल त्यालाही सोडत नाही, म्हणून तर माणसाचे केस जातात, तोंड येतं, अन्न नकोसं होतं आणि माणूस वाळतो. मग आमच्या मुलांचा उद्योग असा, की हे विष एका पुडीत बांधायचं. पुडी इतकी बारीक, की केसाच्या जाडीत पाच-सातशे ओळीनं बसाव्यात. ती रक्तातून हिंडते. चांगल्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून तिला बाहेर पडता येत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईनं वाढलेल्या असतात, त्यांना फटी राहतात. पुडी त्या फटीतून गाठीत शिरते आणि तिथं सुटते, निदान सुटावी अशी अपेक्षा असते. शास्त्रात तिला नॅनो अमुक आणि नॅनो तमुक म्हणतात. मी पुडीच म्हणायची. पाच-सहा वर्षांनी सरही बैठकीत पुडी म्हणायला लागले.

मुलं वरच्या मजल्यावर पुड्या बांधायची आणि त्यांची परीक्षा खाली माझ्याकडे व्हायची. माझ्याकडे पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे, प्लास्टिकच्या पारदर्शक पिंजऱ्यांत. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, ठरलेलं खाद्य घालायचं. दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. खोली थंड हवी आणि आवाज नको. आमच्या घरात एवढी बडदास्त सासऱ्यांचीसुद्धा नव्हती.

ओळखीसाठी उंदरांच्या कानाला बारीक भोक किंवा खाच पाडतात. कुठल्या जागी खाच म्हणजे कितवा नंबर, याचा एक तक्ता असतो. नवीन मुलं तो तक्ता हातात धरून महिनाभर हिंडायची. मला तो एका दिवसात पाठ झाला, कारण माझे वडील मेंढरांच्या कानांना हेच करायचे. पुढे पुढे मला खाचही बघावी लागायची नाही. चालीवरून ओळखू यायचं. मुलं म्हणायची, "मावशी, सगळे तर सारखेच दिसतात." मी म्हणायची, "तुमच्या वर्गातली पोरं बी मला सारखीच दिसत्यात."

गिऱ्हाइकं म्हणाल तर आमच्याकडे नाना तऱ्हेची आली. कार्यालयातले एक बाबू दर चतुर्थीला प्राणीगृहाच्या दाराबाहेर उभे राहून हात जोडायचे आणि जाताना दोन मोदक ठेवून जायचे. नियमाप्रमाणे बाहेरचं काही आत न्यायचं नाही, म्हणून ते मोदक मीच खायची. एकदा एक शेतकरीदादा विचारत आले, की उंदीर मारायचं नवीन औषध तुमच्याकडेच निघतं ना? त्यांना म्हटलं, "दादा, आमी इथं उंदीर जगवायला बसलोय." ते माझ्याकडे आणि इमारतीकडे आळीपाळीनं बघत राहिले. एका मे महिन्यात सलग आठ तास वीज गेली. जनरेटर नादुरुस्त, खोली तापायला लागली. वर मोठमोठ्या शिकलेल्या मुलांनी फोनवर फोन लावले. मी ओली गोणपाटं खिडक्यांना टांगली आणि पाण्यानं भिजवलेल्या फरशीवर पिंजरे मांडले. एकही उंदीर गेला नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, ते मला अजून गोड लागतं.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगायला जीभ जड होते. पण दिवाळीच्या अंकात फक्त आपली शाबासकीच छापून आणायची, हे काही बरं नाही.

शीतल ही सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावची, शेतकऱ्याची पोरगी. घरातून जीप धरून हिंगोलीला शिकायला यायची, तिथून इथवर पोचली. बोलायला तोंडाळ, हाताला मात्र हलकी. उंदराच्या शेपटीतल्या शिरेत सुई घालायची म्हणजे थट्टा नसते. आधी शेपटी कोमट पाण्यानं शेकायची, शीर वर आली की सुई. शीतलची सुई गेलेली उंदराला कळायचीसुद्धा नाही. मला ती आवडायची.

चार वर्षं घालवून तिनं एक पुडी बांधली होती आणि आता तिची मोठी परीक्षा होती. गाठ असलेल्या उंदरांचे तीन गट केले, प्रत्येकात आठ. एका गटाला नुसतं मिठाचं पाणी, एकाला साधं औषध, एकाला तेच औषध पुडीतून. पिंजऱ्यांना लाल, पिवळ्या आणि हिरव्या चिठ्ठ्या. कुठल्या रंगाला काय, ते सरांनी पाकिटात बंद करून कपाटात ठेवलं. ते शीतललाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. बघणाऱ्याला कळलं तर बघण्यात पक्षपात होतो, म्हणून ही रीत. गाठ तर दोन्ही औषधांनी कमी होणार होती. पुडीचा खरा कस होता वजनात. साधं औषध घेणारे उंदीर वाळायला हवेत आणि पुडीवाले टिकायला हवेत. तसं झालं तरच पुडीला अर्थ.

त्याच्या दोनेक महिने आधी हट्टा गावची माझी धाकटी जाऊ मंगल माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या छातीत गाठ निघाली होती. हातात रिपोर्टांची पिशवी, आणि उंबऱ्यातच तिनं मला धरलं.

"अक्का, तुमच्याकडं ते औषध हाय म्हनं. उंदराला देता ना? मला द्या की."

"मंगल, ते उंदराचंच हाय अजून. माणसाला द्यायला लई वर्सं लागत्यात."

"म्हंजे रांगेत उंदीर माझ्या म्होरं हाय का?"

हसू आलं आणि त्याच दमात मी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. तिला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि रीतसर उपचार सुरू केले. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. दुसऱ्या खेपेनंतर केस गेले. पोरगी दिवसेंदिवस वाळायला लागली. तिच्या पोलक्यांना मी शिवण घालायची, आठवड्यात ती पुन्हा सैल व्हायची. अन्नाचा वास नको म्हणायची. मग मी शेंगदाणे भाजून, गूळ घालून लिंबाएवढे लाडू वळले आणि दिवसाकाठी तीन तिच्या तोंडात घातलेच. लाडवांनी तिचं वजन उतरायचं थांबलं.

इकडे प्राणीगृहात पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर वाळायला लागले. केस पिंजारलेले, पाठ वर काढून कोपऱ्यात बसलेले. सकाळी भुसा बदलताना मला ते बघवेना. माझ्या माहेरी दुबळ्या कोकराला आधी गुळाचं पाणी, मग बाकीच्यांचं. त्याला कुणी खाणं म्हणत नाही, ते हिशेबातच धरत नाहीत. ज्याच्यात जीव कमी त्याच्या तोंडाला काहीतरी लावायचं, हे हात आपोआप करतात. माझ्या डब्यात मंगलच्या लाडवातला तुकडा असायचाच. त्यातलं चिमूट चिमूट मी रोज सकाळी पिवळ्या पिंजऱ्यांत टाकायला लागले.

बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पण तो जंतूंसाठी आहे अशी माझी पक्की समजूत होती. आणि शेंगदाणे तर मी खमंग भाजलेले होते! म्हणजे नियम पाळला, असं माझं मत. चतुर्थीच्या मोदकांना आत येऊ न देणारी मीच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पिवळे उंदीर सुधारले. धावायला लागले. मला इतका आनंद झाला, की मी घरी मंगललाही सांगितलं, "तुझ्या लाडवानं आणिक आठ जणांना तारलं." ती टक्कल पडल्या डोक्यावर पदर घेऊन हसली.

तीन आठवड्यांनी सरांनी पाकीट उघडलं. पिवळा म्हणजे साधं औषध, हिरवा म्हणजे पुडी. गाठी दोन्हींकडे सारख्याच कमी झाल्या होत्या आणि वजनंही सारखीच निघाली. पुडीत बांधा, नाहीतर उघडं द्या, फरक काही नाही. शीतल वजनांची वही पुढे-मागे उलटत होती.

सर तिला म्हणाले, "निकाल हा निकाल असतो. ही पुडी सोड. दुसरा विषय घेऊ." फेलोशिपचं तिचं एकच वर्ष उरलं होतं. दुसरा विषय म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ तर हातात नव्हता. खाली येऊन तिनं रिकामे पिंजरे धुवायला मला मदत केली. ते तिचं काम नव्हतं.

मला लगेच उमजलं असं म्हणाले तर खोटं होईल. घरी आले. मंगल दवाखान्यात जाऊन आली होती. सांगायला लागली, "डाक्टर म्हनले, औषध तर सगळ्यांना वाळवतं, तुमचं वजन बराबर कसं राहिलं? म्या म्हनलं, आमच्या अक्काचे लाडू." आणि मी परातीशी बसल्या बसल्या गार पडले. तिचं वजन औषधानं नव्हे, लाडवांनी राखलं होतं. मग पिवळ्या उंदरांचं कुणी राखलं?

कुणाला संशय नव्हता. मी गप्प बसले असते तर निवृत्तीपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. मला भीती वाटली, सरळ सांगते. नोकरीची वाटली आणि त्याहून जास्त शीतलच्या तोंडाची वाटली. पण समोर मंगल बसली होती. पुडी खरी असेल तर तिच्यासारख्या बाईला कधीतरी वाळावं लागणार नाही. आणि ती पुडी माझ्या चिमटीमुळे कचऱ्यात जायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत शीतलही होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शीतल एरवी माझ्याशी पुस्तकी बोलायची. रागात तिचं गोरेगाव बाहेर आलं.

"मावशी, तुमाला कळतं का काय केलं तुमी? चार वर्सं! चार वर्सं मी इथं काय करून राहिली मंग?"

"वाळून राहिले होते गं ते."

"वाळायलाच पायजे होते!"

सरांनी तिला थांबवलं. मला विचारलं, किती दिलं, कुणाला दिलं, कधीपासून. मी खाचेनुसार सांगत गेले. पिवळा दोन चौथ्या दिवसापासून, पिवळा पाच पाचव्यापासून, पिवळ्या सातला सगळ्यांत जास्त कारण तो सगळ्यांत मलूल. सरांनी पेन खाली ठेवलं. "सगळं आठवतंय तुम्हाला. पण लिहिलेलं नाही ना, कमलबाई. जे लिहिलेलं नाही ते आम्हाला वापरता येत नाही." मग शीतलला म्हणाले, "प्रयोग पुन्हा कर. यांना दुसऱ्या खोलीत बदलू."

शीतलनं वजनांची जुनी वही मिटली. मग म्हणाली, "नको सर. मावशी इथंच राहतील. उंदीर आजारी पडलेला त्यांना वजनकाट्याच्या आधी दिसतो. त्यांनी द्यायचं काही नाही, पण दिसेल ते लिहायचं." आणि तिनं एक कोरी वही माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे न बघता.

तो दुसरा प्रयोग म्हणजे माझ्या नोकरीतले सगळ्यांत अवघड एकवीस दिवस. नवे चोवीस उंदीर, नवं पाकीट, रंग पुन्हा सरांनी ठरवलेले. पुन्हा पिवळ्या चिठ्ठीचेच वाळायला लागले. ठरलेलं खाद्य त्यांच्यापुढे होतं, पण ते खात नव्हते. मी डबा बाहेर कुलपात ठेवून आत जायची. पिंजऱ्याचं झाकण काढलं की ह्या खेपेचा पिवळा पाच मागच्या पायांवर उभा राहून माझी बोटं हुंगायचा. मी बोटं मागे घ्यायची आणि वहीत लिहायची. ‘केस उभे.’ ‘चालताना डुलतो.’ ‘पाणी पितो, खात नाही.’ मुंबईच्या रुग्णालयात असाव्यात तशा माझ्या नोंदी बघून सर थट्टा करायचे. शीतल करत नव्हती. ती रोज वही वाचायची आणि खाली सही करायची. एवढंच आमचं बोलणं.

नियम असा, की वजन पाचव्या हिश्श्यानं घटलं तर उंदराला आणखी त्रास न देता, गुंगी देऊन शांतपणे संपवायचं. चौदाव्या दिवशी पिवळ्या पाचचं वजन अजून त्या रेषेच्या वर होतं. मी लिहिलं, ‘पिवळा पाच. काल तोंड धुतलं नाही. आज पण नाही. पुरे.’ शीतलनं वाचलं, काट्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच. मग तिनं सरांना फोन केला. सर म्हणाले, "लिहिलंय ना त्यांनी? मग ठीक." उंदीर मीच हातात धरला.

पाकीट उघडलं. पिवळा म्हणजे साधं औषध. हिरवे, पुडीवाले, आठही जण धडधाकट होते. पुडी खरी निघाली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, चष्म्यावरून बघणारे. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात त्यांनी एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हा पिवळा पाच. वजन मर्यादेच्या आत असताना तुम्ही याला चौदाव्या दिवशीच काढला. साध्या औषधाच्या गटातला उंदीर लवकर मेलेला दाखवला, की पुडी चांगली दिसते. सोयीचं आहे, नाही का?"

एका चुकीनं पोरीची चार वर्षं घालवली होती, आता माझ्या एका शब्दानं उरलेलंही जातंय की काय, असं झालं. शीतलनं माझी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ते पान मोठ्यानं वाचलं.

"हे कुणी लिहिलं?"

सगळी डोकी मागे वळली. मी उभी राहिले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"साहेब, उंदीर लई टापटिपीचा. मरायला टेकला तरी तोंड धुतो. ह्यानं दोन दिस सोडलं व्हतं. काटा खोटा न्हाई, पण काट्याला उशिरा कळतं."

त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर शीतलची नोंद होती. चिरून पाहिल्यावर आतडं आतून सोलवटून निघालेलं होतं. ते आतल्या आत रक्त गाळत होतं. परीक्षकांनी ती दोन पानं पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

पेढे वाटले, फोटो झाले. ती पुडी माणसापर्यंत पोचायला अजून किती वर्षं आहेत, पोचेल की नाही, हे सरांनाही ठाऊक नाही. मंगल जुन्याच औषधावर बरी झाली आणि आता हट्ट्याला हळद काढते.

गर्दी पांगल्यावर शीतल प्राणीगृहात आली. हातातला पेढा तिनं माझ्या तोंडात घातला आणि शेजारच्या स्टुलावर बसली.

"मावशी, खरं सांगा. त्या एकवीस दिसांत एकदा तरी वाटलं का, टाकावं त्याला काहीतरी?"

"एकदा न्हाई गं," मी म्हणाले. "रोज." आणि एवढे महिने धरून ठेवलेलं रडू मला तिथंच, तिच्यासमोर फुटलं.